सार्वमताचा कौल : निर्णायक की अंतिम?
(गोव्याचा जनमत कौल, १९६७ आणि काही युरोपीय सार्वमतांच्या संदर्भात)

प्रस्तावना

लोकशाहीमध्ये निवडणुकीचा निकाल ठरावीक मुदतीपुरता असतो, हे सर्वमान्य आहे. पाच वर्षांनी मतदार पुन्हा मतपेटीकडे जातो आणि पूर्वी दिलेला कौल त्याला बदलता येतो. पराभूत पक्षही याच आशेवर पराभव स्वीकारतो. सार्वमताच्या बाबतीत मात्र वेगळाच समज रूढ आहे. एखादा प्रश्न थेट जनतेसमोर ठेवून तिचे मत घेतले की तो प्रश्न कायमचा मिटला, असे गृहीत धरले जाते. 'जनतेने एकदा निर्णय दिला आहे' हे वाक्य विजयी पक्ष जितक्या आत्मविश्वासाने उच्चारतो, तितक्याच अस्वस्थतेने पराभूत पक्ष ते ऐकत असतो.

प्रस्तुत लेखाला निमित्त झाला तो पदवीच्या वर्गात विचारला गेलेला एक प्रश्न. गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाविषयी शिकवीत असताना सिंधुदुर्ग जिल्ह्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, म्हणजे तेव्हा आपण हरलो का? आणि हरलो असू, तर पुन्हा कधी विचारता येणार नाही का?" या प्रश्नाचे दोन भाग आहेत. 'आपण' म्हणजे कोण, हा पहिला भाग. लोकमताचा निकाल कितपत आणि कोणासाठी अंतिम असतो, हा दुसरा. त्या वेळी तासिका संपल्यामुळे उत्तर अपुरे राहिले. ते उत्तर इतिहासाच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न येथे केला आहे. त्यासाठी गोव्याचा कौल हे मुख्य उदाहरण घेतले असून ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क व स्वित्झर्लंड या देशांतील राष्ट्रीय सार्वमतांशी त्याची तुलना केली आहे.

संकल्पना आणि भारतीय संदर्भ

एखाद्या विशिष्ट प्रश्नावर मतदारांनी प्रत्यक्ष मतदानाद्वारे दिलेला निर्णय म्हणजे सार्वमत. निवडणुकीत मतदार प्रतिनिधी निवडतो. सार्वमतात तो स्वतःच त्या एका प्रश्नापुरता विधिमंडळाच्या जागी असतो. स्वित्झर्लंड व आयर्लंड यांसारख्या देशांत राज्यघटना बदलण्यासाठी सार्वमत अनिवार्य आहे. भारतीय राज्यघटनेत मात्र सार्वमताची तरतूद नाही. राज्यांची निर्मिती, सीमाबदल किंवा विलीनीकरण हे विषय घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेकडे सोपविले असून तिला ते साध्या कायद्याने करता येतात.

असे असले तरी भारतीय उपखंडाला सार्वमत अपरिचित नाही. फाळणीच्या तोंडावर, जुलै १९४७ मध्ये, सिल्हेट जिल्ह्यात व वायव्य सरहद्द प्रांतात सार्वमत घेण्यात आले. २० फेब्रुवारी १९४८ रोजी जुनागढमध्ये झालेल्या मतदानात पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१ मते पडली. एप्रिल १९७५ मध्ये सिक्कीममध्ये झालेल्या मतदानात ५९,६३७ मते राजेशाही संपुष्टात आणून भारतात सामील होण्याच्या बाजूने, तर १,४९६ मते विरोधात पडली. तथापि स्वतंत्र भारतात संसदेने खास कायदा करून, दोन्ही बाजूंना प्रचाराची पूर्ण मुभा देऊन आणि निकाल कोणता लागेल हे अनिश्चित असताना घेतलेला कौल म्हणून गोव्याच्या कौलाचे स्थान वेगळे आहे.

गोव्याचा कौल : पार्श्वभूमी

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. दमण व दीवसह तो केंद्रशासित प्रदेश बनला आणि त्याच्या भवितव्याचा प्रश्न तत्काळ पुढे आला. १ मे १९६० रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य भाषावार प्रांतरचनेच्या तत्त्वावर उभे होते. गोव्यात मराठीचे शिक्षण, मराठी वृत्तपत्रे, मराठी नाटक व कीर्तन यांची परंपरा होती. त्यामुळे गोवा महाराष्ट्राचाच भाग होय, अशी भूमिका मांडली गेली. याउलट कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे, गोव्याचा चार-साडेचार शतकांचा इतिहास वेगळा आहे आणि मोठ्या राज्यात गेल्यास हे वेगळेपण नष्ट होईल, अशी दुसऱ्या बाजूची धारणा होती. पहिल्या भूमिकेचे नेतृत्व दयानंद बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, तर दुसरीचे डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाने केले.

डिसेंबर १९६३ मध्ये झालेल्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत ३० पैकी १४ जागा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, तर १२ जागा युनायटेड गोअन्स पक्षाला मिळाल्या. मित्रपक्षाच्या साहाय्याने बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणाच्या घोषणेवर निवडणूक जिंकली असल्याने जनतेचा कौल मिळालाच आहे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. विरोधकांचे म्हणणे असे की, निवडणुकीत जमीन, जात, शिक्षण, स्थानिक उमेदवार अशा अनेक गोष्टींवर मत पडते. त्यातून या एकाच प्रश्नाचे उत्तर काढता येणार नाही. लोकमत निवडणुकीतून ओळखायचे की स्वतंत्र मतदानातून, हा मूलभूत वाद अशा रीतीने गोव्याच्या भूमीवर उभा राहिला. अखेर १९६६ मध्ये संसदेने गोवा, दमण व दीव (जनमत कौल) अधिनियम संमत केला. मतदान निःपक्षपाती वातावरणात व्हावे यासाठी डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

निकाल आणि त्यानंतरची घडामोड

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी 'फूल' आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्यासाठी 'दोन पाने' अशी चिन्हे होती. गोव्यातील ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळपास ८२ टक्के मतदारांनी मतदान केले. 'दोन पानां'ना १,७२,१९१ आणि 'फुला'ला १,३८,१७० मते मिळाली. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाचा प्रस्ताव फेटाळला गेला. दमण व दीवच्या मतदारांनीही गुजरातेत विलीन न होण्याचा कौल दिला.

या निकालाचा विचार करताना पुढील तीन घटना एकत्र पाहणे आवश्यक आहे.

पहिली घटना अवघ्या दोन-अडीच महिन्यांनंतरची आहे. मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या पक्षाचा मुख्य कार्यक्रम मतदारांनी नुकताच नाकारला होता, त्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि ऑगस्ट १९७३ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. मतदारांनी विलीनीकरण नाकारले, परंतु विलीनीकरणवाद्यांना नाकारले नाही. निवडणूक आणि सार्वमत या दोन भिन्न गोष्टी आहेत, या विरोधकांच्या युक्तिवादाला याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

दुसरी घटना भाषेची आहे. कौलामुळे अस्मितेचा प्रश्न मिटला असे १९६७ मध्ये वाटले असले, तरी तो वेगळ्या रूपाने परत आला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८० च्या दशकाच्या मध्यास राजभाषेचे तीव्र आंदोलन झाले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा ठरली व शासकीय प्रयोजनासाठी मराठीच्या वापरालाही कायद्यात स्थान मिळाले. १९९२ मध्ये कोंकणीचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्न नव्हता, तो तिच्या मागे उभा होता. मतपत्रिका जे विचारीत नाही, त्याचे उत्तरही तिच्यातून मिळत नाही.

तिसरी घटना सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. १९६७ च्या मतपत्रिकेवर विलीनीकरण व केंद्रशासित प्रदेश हे दोनच पर्याय होते. 'स्वतंत्र राज्य' हा पर्याय नव्हता. अक्षरशः पाहिले, तर गोव्याच्या मतदारांनी केंद्रशासित प्रदेश राहण्याचा कौल दिला होता. तरीही ३० मे १९८७ रोजी गोवा भारतीय संघराज्याचे पंचविसावे राज्य झाले. त्यासाठी नवे सार्वमत घेण्यात आले नाही आणि १९६७ च्या कौलाचा भंग झाला, असेही कोणी गंभीरपणे म्हटले नाही. पुढे २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव हा प्रदेश दादरा व नगर हवेलीशी जोडून एकच केंद्रशासित प्रदेश करण्यात आला, तोही संसदेच्या कायद्याने. याचा अर्थ असा की, कौलाचा जो भाग टिकला तो 'केंद्रशासित राहू' हा शब्दार्थ नव्हता. 'आमच्या संमतीवाचून आम्हाला दुसऱ्या राज्यात मिसळू नका' हा त्याचा आशय होता. शब्दार्थ वीस वर्षांत बदलला, आशय आजही कायम आहे. सार्वमताच्या अंतिमतेचा विचार करताना हा भेद मध्यवर्ती ठरतो.

पुन्हा विचारलेले प्रश्न : युरोपचा अनुभव

सार्वमताने दिलेले उत्तर पुन्हा सार्वमतानेच बदलल्याची उदाहरणे युरोपात विपुल आहेत. तथापि ती सर्व एका जातीची नाहीत. त्यांचे किमान तीन प्रकार करता येतात.

पहिल्या प्रकारात प्रश्न अल्पावधीतच पुन्हा विचारला जातो. २ जून १९९२ रोजी डेन्मार्कच्या मतदारांनी मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्के मतांनी फेटाळला. फरक पन्नास हजार मतांहूनही कमी होता. त्यानंतर एडिंबरो येथे डेन्मार्कला चार विषयांत सवलती देण्यात आल्या आणि १८ मे १९९३ रोजी ५६.७ टक्के मतदारांनी संमती दिली. आयर्लंडने जून २००१ मध्ये नीस करार आणि जून २००८ मध्ये लिस्बन करार फेटाळला व अनुक्रमे ऑक्टोबर २००२ आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तेच करार स्वीकारले. 'हवे ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणे' अशी टीका या प्रकारावर होते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. जेव्हा उत्तर 'होय' येते तेव्हा कोणतेही सरकार खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारीत नाही. म्हणजे पुनर्विचाराचे दार एकाच बाजूने उघडते.

परंतु नीस कराराचे आकडे बारकाईने पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. २००१ मध्ये केवळ ३४.८ टक्के मतदान झाले. विरोधात ५,२९,४७८ व बाजूने ४,५३,४६१ मते पडली. २००२ मध्ये मतदान ४९.५ टक्क्यांवर गेले. विरोधातील मते ५,३४,८८७, म्हणजे जवळजवळ तितकीच राहिली, आणि बाजूची मते ९,०६,३१७ झाली, म्हणजे दुप्पट झाली. एकूण विरोध कमी झाला नाही. मुख्यतः पूर्वी घरी बसलेला मतदार बाहेर पडला, असे या आकड्यांवरून दिसते. तसेच मधल्या काळात आयर्लंडच्या लष्करी तटस्थतेविषयी सेव्हिल येथे घोषणा करण्यात आली होती. दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न हा पहिलाच प्रश्न होता की नवा, यावर येथे प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. पुन्हा विचारल्याने सरकारला हवे तेच उत्तर मिळते, असेही नाही. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सरकारने सक्तीच्या लष्करभरतीविषयी १९१६ मध्ये व पुन्हा १९१७ मध्ये कौल मागितला. मतदारांनी दोन्ही वेळा नकार दिला आणि दुसऱ्यांदा तो अधिक ठाम होता.

दुसऱ्या प्रकारात एका पिढीचे अंतर असते व समाजच बदललेला असतो. आयर्लंडमध्ये १९८६ साली घटस्फोटाला परवानगी देण्याचा प्रस्ताव ६३.५ टक्के मतदारांनी फेटाळला. १९९५ मध्ये तो केवळ ९,११४ मतांच्या फरकाने संमत झाला. इतक्या निसटत्या बहुमतावर समाजरचनेतील एवढा मोठा बदल करावा का, असे तेव्हा विचारले गेले. परंतु २०१९ मध्ये घटस्फोटाच्या अटी शिथिल करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा ८२ टक्के मतदारांनी त्याला पाठिंबा दिला. गर्भपाताच्या बाबतीत १९८३ मध्ये सुमारे ६७ टक्के मतांनी घटनेत आलेली तरतूद २०१८ मध्ये सुमारे ६६ टक्के मतांनी काढून टाकण्यात आली. १९८३ चा कौल अंतिम मानला असता, तर २०१८ मध्ये मतदान करणाऱ्या, आणि १९८३ मध्ये जन्मालाही न आलेल्या, असंख्य स्त्रियांना आपल्या आयुष्याविषयी बोलण्याचा अधिकारच राहिला नसता.

तिसऱ्या प्रकारात खुद्द मतदारसंघच सदोष असतो. १ फेब्रुवारी १९५९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना संघीय मताधिकार द्यावा का, यावर सार्वमत झाले आणि ६६.९ टक्के मतांनी 'नाही' असे उत्तर आले. मतदान करणारे सर्व पुरुष होते. ज्यांच्या हक्काचा प्रश्न होता, त्यांनाच मत नव्हते. ७ फेब्रुवारी १९७१ रोजी ६५.७ टक्के पुरुषांनी 'होय' म्हटले, तेव्हा कुठे स्विस स्त्रीला हा अधिकार मिळाला. १९५९ चा कौल विधियुक्त होता, बहुमतही निर्विवाद होते. तरीही तो अंतिम मानणे न्याय्य ठरले असते, असे आज कोणीही म्हणणार नाही.

ब्रिटनचे उदाहरण या तिन्ही प्रकारांच्या सीमेवरचे आहे. ५ जून १९७५ रोजी ब्रिटिश मतदारांनी ६७.२ टक्के मतांनी युरोपीय समुदायात राहण्याचा कौल दिला. पराभूत बाजूने तो मनोमन मान्य केला नाही. १९८३ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने समुदायातून बाहेर पडण्याचे वचन दिले आणि तो ती निवडणूक हरला. ४१ वर्षांनी, २३ जून २०१६ रोजी, १,७४,१०,७४२ विरुद्ध १,६१,४१,२४१ मतांनी बाहेर पडण्याचा कौल मिळाला. १९७५ चा निकाल अंतिम नव्हता म्हणून २०१६ चे सार्वमत होऊ शकले. पण २०१६ चा निकाल लागताच तो अंतिम आहे असे सांगण्यात येऊ लागले. १९७५ ची मर्यादा दाखविणारे आणि २०१६ चे पावित्र्य सांगणारे बहुतांशी तेच होते. उलट १९७५ ला प्रमाण मानणाऱ्यांनी २०१६ नंतर दुसऱ्या सार्वमताची मागणी केली. अंतिमतेचा आग्रह अनेकदा तत्त्वापेक्षा निकालाच्या सोयीवर अवलंबून असतो, हे यावरून दिसते. विशेष म्हणजे २०१५ च्या कायद्यानुसार तो कौल सरकारवर कायद्याने बंधनकारक नव्हता. बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करण्यास संसदेचा कायदा हवा, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्पष्ट केले. तरीही सरकारने तो पाळण्याचे आधीच आश्वासन दिलेले असल्याने राजकीयदृष्ट्या तो डावलणे शक्य झाले नाही. दुसरे सार्वमत झाले नाही आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला.

न फिरणारे निर्णय

याउलट काही सार्वमतांचे परिणाम मागे घेताच येत नाहीत. सिल्हेटमध्ये २,३९,६१९ मते पूर्व बंगालमध्ये जाण्यासाठी, तर १,८४,०४१ मते आसाममध्ये राहण्यासाठी पडली. करीमगंजचा परिसर वगळता सिल्हेट पाकिस्तानात गेले. १९७१ मध्ये ते पाकिस्तानही तेथे उरले नाही. ज्या राष्ट्राच्या नावाने मत दिले ते राष्ट्र चोवीस वर्षांत निघून गेले, पण सिल्हेटच्या मतदाराला पुन्हा कोणी विचारले नाही व विचारणे शक्यही नव्हते. वायव्य सरहद्द प्रांतात तर भारत व पाकिस्तान हे दोनच पर्याय होते. स्वतंत्र पठाणी प्रदेशाचा पर्याय नसल्यामुळे खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगारांनी बहिष्कार घातला. २,८९,२४४ विरुद्ध २,८७४ हा निकाल आकड्यांत एकतर्फी दिसतो, परंतु एकूण ५,७२,७९८ मतदारांच्या तुलनेत पाकिस्तानच्या बाजूची मते निम्म्याहून थोडीच अधिक होती. मतपत्रिकेवर काय छापायचे हे ठरविणाऱ्याच्या हाती निम्मा निकाल असतो, हे येथे विसरून चालणार नाही.

अशा प्रसंगी 'पुन्हा विचारता येईल' हे आश्वासन पोकळ ठरते. म्हणून जेथे निर्णय परतवता येणार नाही, तेथे काळजी मतदानानंतर नव्हे, मतदानापूर्वी घ्यावी लागते. पर्याय पुरेसे आहेत का, प्रश्न सुस्पष्ट आहे का, किती बहुमत पुरेसे मानायचे, हे आधीच ठरले पाहिजे. क्यूबेकमध्ये १९९५ साली स्वतंत्रतेचा प्रस्ताव ४९.४२ विरुद्ध ५०.५८ टक्के अशा निसटत्या फरकाने फेटाळला गेल्यावर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट प्रश्न व स्पष्ट बहुमत यांची अपेक्षा व्यक्त केली, ती याच कारणाने. मात्र अशी अट निकालानंतर लावणे म्हणजे खेळ संपल्यावर नियम बदलणे होय.

निर्णायकता आणि अंतिमता

वरील विवेचनावरून 'निर्णायक' व 'अंतिम' या दोन शब्दांत भेद करणे आवश्यक वाटते. सार्वमताचा निकाल निर्णायक असला पाहिजे. म्हणजे शासनाने तो प्रामाणिकपणे अमलात आणला पाहिजे, पराभूत पक्षाने त्याची वैधता मान्य केली पाहिजे आणि निकाल आवडला नाही म्हणून लगेच तोच प्रश्न पुन्हा मांडता कामा नये. असे नसेल तर मतदाराला विचारण्यातच अर्थ उरत नाही. परंतु तो अंतिम मानणे, म्हणजे भावी मतदारांना त्यावर बोलण्याचा अधिकार कायमचा नाकारणे, हे ज्या लोकसार्वभौमत्वाच्या तत्त्वावर सार्वमत उभे आहे त्याच्याशीच विसंगत आहे. १९६७ मध्ये सार्वभौम असलेली जनता १९८७ मध्ये सार्वभौम नव्हती, असे कोणत्या आधारावर म्हणता येईल?

'कौल' हा शब्द येथे विचारात घेण्याजोगा आहे. कोकणात व गोव्यात देवाला कौल लावण्याची प्रथा आहे आणि देवाने दिलेल्या कौलावर वाद घालायचा नसतो, अशी श्रद्धा आहे. जनमताला हाच शब्द लावल्यामुळे त्या श्रद्धेची छाया त्यावर पडली असावी. पण देव बदलत नाही, जनता बदलते. तिच्यातील काही माणसे दिवंगत होतात, काही नव्याने मतदार होतात, आणि तीच माणसेही अनुभवाने वेगळा विचार करू लागतात.

मग प्रश्न पुन्हा केव्हा विचारावा? उपरोक्त उदाहरणांवरून चार कसोट्या सुचविता येतात. परिस्थितीत किंवा प्रस्तावाच्या आशयात खरा बदल झालेला असावा. पहिला निर्णय अमलात येऊन त्याचा अनुभव घेण्याइतका काळ गेलेला असावा. पुनर्विचाराची मागणी सत्ताधाऱ्यांच्या सोयीतून नव्हे, तर निवडणुकीतून व्यक्त झालेल्या लोकेच्छेतून आलेली असावी. आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांनाच पुन्हा विचारले जावे, त्यांच्या वतीने इतरांना नव्हे. या कसोट्या लावल्या तर आयर्लंडचे घटस्फोटाचे आणि स्वित्झर्लंडचे मताधिकाराचे पुनर्मतदान सहज समर्थनीय ठरते. नीस व लिस्बन करारांविषयी शंका घेण्यास जागा राहते.

निष्कर्ष

शेवटी त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळणे उचित ठरेल. १९६७ मध्ये 'आपण' हरलो का? विलीनीकरणाच्या बाजूने मत देणारे १,३८,१७० गोमंतकीय त्या प्रश्नापुरते निश्चितच हरले आणि त्यांच्या मराठीप्रेमाला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु महाराष्ट्रातील मराठी माणसाला त्या कौलात मतच नव्हते. त्यामुळे हरण्या-जिंकण्याचा अधिकारही नव्हता. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन 'आमच्या भाषेच्या राज्याचा निर्णय आमच्याविना करू नका' याच मागणीसाठी लढले गेले. हेच तत्त्व गोव्याच्या जनतेने १६ जानेवारी १९६७ रोजी स्वतःसाठी वापरले. ज्या तत्त्वावर आपले राज्य उभे राहिले, त्याच तत्त्वाने शेजाऱ्याने वेगळे राहण्याचे ठरविले, तर त्याला पराभव म्हणणे आपल्याच इतिहासाशी विसंगत होईल.

पुन्हा कधी विचारता येणार नाही का, याचे उत्तर असे की, विचारता येईल. परंतु विचारण्याचा पहिला अधिकार गोव्याच्या जनतेचा आहे, आणि कौलानंतरच्या सहा दशकांत तिने तो वापरलेला नाही. निकालानंतर विलीनीकरणवादी पक्षच सत्तेवर असूनही या प्रश्नावर दुसरा कौल झाला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. एखादा निकाल टिकतो तो कायद्याने अंतिम ठरविल्यामुळे नव्हे, तर तो बदलण्याची वाट मोकळी असूनही लोक त्या वाटेने जात नाहीत म्हणून. गोव्याच्या कौलाला लाभलेले स्थैर्य या प्रकारचे आहे. ब्रिटनच्या २०१६ च्या कौलाला ते लाभेल की नाही, हे तेथील पुढच्या पिढ्या ठरवतील. १९७५ च्या कौलाला ते लाभले नाही, एवढे मात्र इतिहासाने नोंदविले आहे.

म्हणून सार्वमताचा निकाल मानावा, पाळावा आणि तरीही त्याविषयी बोलत राहण्याचा पराभूतांचा अधिकार जपावा, हीच लोकशाहीला धरून असलेली भूमिका होय. पराभूताला पुन्हा बोलण्याची मुभा असेल, तरच आजचा पराभव मनापासून स्वीकारणे त्याला शक्य होते. हे जितके संसदेला लागू आहे, तितकेच आपल्या वर्गखोल्यांनाही.